रणजितच्या चिठ्ठीचं उत्तर

ओंगार, डब्लिन
१७ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णा,

वाकून नमस्कार करायला गेले तर तुम्ही पाय मागे घ्याल अशी भीती वाटते, म्हणून नमस्कार इथूनच, लांबून.

फोन तुम्ही घेत नाही. आई म्हणते, "त्यांना हल्ली कमी ऐकू येतं गं." दवाखान्याच्या पायरीवर कुणी खोकलं तरी आतून कंपाउंडरला "पाठव रे बाळू त्याला" म्हणणाऱ्या माणसाला नेमका माझाच फोन ऐकू येत नाही, हे मला पटत नाही. तरी असू दे. पत्राला कान लागत नाहीत, म्हणून पत्र.

बातमी अशी की मी दोन फॉर्म भरलेत. इथे येऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी सरकारी हॉस्पिटलांत मेडिसिनच्या वॉर्डात सहा-सहा महिन्यांच्या करारावर राबते आहे. काम पूर्ण डॉक्टरचं, पण ट्रेनिंग म्हणून त्यातलं काहीही धरलं जात नाही. बाहेरून शिकून आलेल्या आमच्यासारख्या कितीतरी जणांची हीच गत आहे. करार संपला की नवा वॉर्ड आणि गळ्यात नवा बिल्ला. श्रेयस घरून काम करतो म्हणून निदान स्वरांगीची शाळा तरी बदलावी लागली नाही. यंदा मात्र ठरवलंय, ट्रेनिंगमध्ये शिरायचंच.

एक फॉर्म मेडिसिनचा. तो रस्ता सरळ फिजिशियनपर्यंत जातो. दुसरा फॅमिली मेडिसिनचा, म्हणजे इथल्या भाषेत जीपी, म्हणजे थोडक्यात तुम्ही. चार वर्षांचं शिक्षण, थोडं हॉस्पिटलात आणि थोडं एखाद्या जुन्या जीपीच्या दवाखान्यात. हा दुसरा फॉर्म आपला हाताशी असावा म्हणून भरलाय. तुम्ही कपाळाला आठ्या घालायच्या आत सांगते, मी मेडिसिनच घेणार आहे.

एमडीची सीट मी चौदा महिन्यांत सोडली, श्रेयसला डब्लिनची नोकरी लागली म्हणून, आणि त्याचा राग तुम्ही धरलात. बरोबरच आहे. तुम्ही माझ्या नावाची पाटीसुद्धा रंगवून आणली होती, "एम.डी. (मेडिसिन)" अशी. आई सांगते की ती अजून औषधांच्या कपाटामागे उभी आहे, भिंतीकडे तोंड करून. ती सरळ करायचं काम माझ्याकडे लागलं.

इथली एक रीत तुम्हाला आवडेल. पेशंट घरी सोडायचा तर त्याच्या जीपीला पत्र गेलंच पाहिजे. काय सापडलं, काय दिलं, पुढे काय करायचं. सुरुवात ठरलेली: हा पेशंट आपण पाठवलात त्याबद्दल आभार. काल एका दिवसात मी अशी नऊ पत्रं लिहिली. लिहिताना सारखं मनात येत होतं, अण्णांनी चाळीस वर्षं सांगली-मिरजेला चिठ्ठ्या पाठवल्या. "कृपया पाहून योग्य ते करावे. आपला, डॉ. प्रताप." एकीचं तरी उत्तर आलं का हो? पेशंट परत आला की तुम्ही त्यालाच विचारायचात, "काय म्हणाले मोठे डॉक्टर?" आणि तो म्हणायचा, "काय बोललं न्हाईत सायेब, गोळ्या बदलल्या."

स्वरांगीला विचारलं, आजोबांना तुझ्याकडून काय लिहू? "टेल हिम आय'म ग्रँड," म्हणाली. म्हणजे बरी आहे. इथे पाय मोडलेला माणूसही ग्रँडच असतो.

सुमेधा


ओंगार
१५ डिसेंबर २०२४

अण्णा,

आईकडून कळलं. पाकीट तुम्ही फोडलं नाही, पण फेकलंही नाही. टेबलाच्या खणात स्टेथोस्कोपच्या शेजारी ठेवलंय म्हणे. चालेल. न फोडलेल्या पत्रात माणूस जरा मोकळेपणानं लिहितो.

आमच्याकडे एक आजीबाई आल्यात. नाव बदलून ब्रायडी म्हणते. वय सत्त्याहत्तर, उत्तरेला डंडॉक शहराच्या पलीकडे डोंगराखालच्या गावात राहतात. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा भरती. घरात चक्कर येऊन पडतात, आणल्या की नाडी अडतीस. आमच्याकडे तीन दिवस राहिल्या की नाडी सत्तर. घरी गेल्या की पंधरा दिवसांत पुन्हा दारात. दर वेळी वेगळा डॉक्टर, वेगळा वॉर्ड, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. आता हृदयाशेजारी मशीन बसवायचं चाललंय. विचारलं तर "आय'म ग्रँड, लव्ह," म्हणतात आणि मलाच चहा घेणार का विचारतात, वॉर्ड म्हणजे जणू त्यांचं स्वयंपाकघर.

आमच्या कन्सल्टंट डॉ. ओ'मारा. तल्लख बाई आहे, तोंडानं फटकळ, पण शिकवते जीव ओतून. परवा राउंड संपल्यावर मला म्हणाली, "तू मेडिसिनच घे सुमेधा. घसेदुख्या बघण्यात तुझी बुद्धी फुकट जाईल." ऐकून मी केवढी फुगले! गाडीत बसेपर्यंत तुम्हाला कधी एकदा लिहिते असं झालं होतं.

मग घरी येईपर्यंत तेच वाक्य टोचायला लागलं. घसेदुख्या बघण्यात कुणाची बुद्धी किती गेली, हे मी लहानपणापासून बघितलंय ना.

ब्रायडीची जाडजूड फाइल चाळताना तुमची घरकार्डं आठवली. सगळे डॉक्टर माणसाचं कार्ड करतात, तुम्ही घराचं करायचात. घरात माणसं किती, कामं काय, पाणी कुठलं, कोण कुणाशी बोलत नाही. आणि शेवटचा रकाना, "औषधं कुठे ठेवतात". फडताळ. देवघर. पिठाचा डबा. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कार्डं मी लिहायची आणि खिदळायची. पिठाच्या डब्याचा आणि मलेरियाचा काय संबंध, अण्णा? तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "लिही गप."

इथला पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. उगाच आपला.

सुमेधा


ओंगार
१९ जानेवारी २०२५

अण्णा, अण्णा, ऐका!

खणातल्या त्या दोन पाकिटांना सांगा, मी जिंकले.

ब्रायडी पुन्हा आली. चौथ्यांदा. नाडी छत्तीस. आणि दोन दिवसांनी समोरच्या वॉर्डात एक आजोबा आले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, फुप्फुसात पाणी, नाडी एकशे चाळीस. आडनाव तेच. म्हटलं, असतील भाऊबंद, या भागात अर्ध्या गावाचं आडनाव एकच असतं. तर आजोबांच्या कागदावर पत्ताही तोच. नवरा! ब्रायडीचा नवरा. त्यांना पॅकी म्हणू. हॉस्पिटलच्या लेखी हे दोन पेशंट होते. दोन वॉर्ड, दोन टीम, दोन फाइली, आणि एकीलाही दुसरीचा पत्ता नाही.

मी काय केलं असेल? राउंडच्या यादीच्या पाठीमागे घरकार्ड आखलं. तुमच्यासारखंच, रकान्यांसकट. आणि ब्रायडीच्या पलंगावर बसले, जे इथे चालत नाही.

"ब्रायडी, घरी औषधं कुठे ठेवता?"

"प्रेसमध्ये, लव्ह." इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

"कुणाची?"

"दोघांची. बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे ना, त्यात."

"आणि पॅकीच्या गोळ्या पॅकी घेतो?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "नाही गं. त्याला त्या गोळ्यांनी मरगळ यायची, गुरांकडे जाववायचं नाही. आणि चांगल्या गोळ्या टाकून देणं पाप. म्हणून त्या मी घेते. हृदयाच्याच तर आहेत, माझ्याही हृदयाला बऱ्या."

अण्णा, ही बाई आयर्लंडची नाहीच. ही आपल्या वरच्या आळीतली आहे! नवऱ्याची नाडी आवरायची गोळी बायको खाते, म्हणून हिची नाडी तळाला आणि त्याची आभाळाला. हॉस्पिटलात आली की बिस्किटाचा डबा घरी राहतो, म्हणून तीन दिवसांत ठणठणीत. चार वेळा भरती, दोन स्कॅन, मशीन बसवायची तारीखसुद्धा ठरलेली, आणि सगळ्याचं कारण प्रेसमध्ये. तुमचा शेवटचा रकाना. लिही गप!

मशीन रद्द झालं. आठवड्यानं दोघं एकाच गाडीतून घरी गेले, भांडत. डॉ. ओ'मारानं सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाली, "याला म्हणतात फिजिशियन." टाळ्या झाल्या. मी लाजले, पण फार नाही.

मग जीपीला पत्र लिहिलं आणि राहवेना म्हणून फोनही केला. डॉ. कॅफ्री म्हणून म्हातारे गृहस्थ आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "चला, माझ्या पत्राची शेवटची ओळ कुणीतरी वाचली तर."

मी वाचली नव्हती. फोन ठेवून फाइल उघडली. चार भरत्यांची त्यांची चार पत्रं, आणि चारही पत्रांच्या शेवटी तीच ओळ: हिचा नवराही माझाच पेशंट आहे, कुणी दोघांकडे एकत्र पाहिलं तर आभारी राहीन.

आम्ही सगळे पहिली ओळ वाचून तपासण्या लिहायला लागलो होतो. खेड्यातल्या जीपीचं पत्र, त्यात काय असणार? हे असं मनात म्हणणाऱ्यांत मीपण होते. विट्याच्या प्रताप डॉक्टरांची मुलगी.

यावरून मला एक आठवलंय. ते आज लिहवत नाही.

सुमेधा


ओंगार
२३ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

या पाकिटावर तुमच्या पत्त्याखाली लाल शाईनं लिहिलंय, "रणजितच्या चिठ्ठीचं उत्तर". हे पाकीट तुम्ही फोडणार, कारण पेशंटचा कागद न वाचता खणात टाकणं तुम्हाला जमणार नाही.

प्रति,
डॉ. प्रताप, एम.बी.बी.एस., विटा.
रुग्ण: रणजित. वय तीस. व्यवसाय: गलाई.

हा पेशंट आपण जुलै २०१९ मध्ये आमच्या युनिटकडे पाठवलात त्याबद्दल आभार. उत्तराला साडेपाच वर्षं उशीर झाला.

आपण लिहिलं होतं: पोटात कळा, शौचाला होत नाही, उजवं मनगट उचलत नाही, हिरडीच्या कडेला निळसर रेघ. सोनं गाळण्याच्या भट्टीवर काम करतो, शिशाचा धूर रोज नाकात जातो. अंगात शिसं भिनलं असावं. कृपया पाहून योग्य ते करावे.

आमच्या युनिटनं काय केलं: सरांनी राउंडला चिठ्ठी मोठ्यानं वाचली. म्हणाले, "विट्याचे एम.बी.बी.एस. शिसं म्हणतायत. काय रे, पेन्सिल खाल्लीस का?" सगळे हसले.

मीपण हसले, अण्णा.

रणजित माझ्याकडे बघत होता. तुम्ही त्याला सांगून पाठवलं होतंत, "तिथं माझी मुलगी आहे, ती बघेल." दवाखान्यात कार्डं लिहिताना त्यानं मला शंभरदा पाहिलं होतं. त्यानं मला ओळखलं, आणि मी हसताना पाहून नजर खाली घातली. "ह्याच त्या डॉक्टरांची मुलगी" एवढं जरी तो बोलला असता तरी मी जमिनीत गेले असते. तो बोलला नाही. गलाई कामगारानं माझी अब्रू राखली आणि मला माझ्या वडिलांची राखता आली नाही.

पुढे पोटाचे फोटो झाले, दुर्बीण झाली, पोट उघडायचीही भाषा झाली. दहाव्या दिवशी कुणीतरी एकदाचं शिशासाठी रक्त पाठवलं. आकडा इतका मोठा आला की लॅबनं दुसऱ्यांदा तपासून फोन केला. औषध सुरू झालं, कळा थांबल्या. मनगट मात्र अर्धंच आलं. दहा दिवस आधी औषध मिळालं असतं तर पूर्ण आलं असतं का, ते सांगता येत नाही. तेच मला खातं.

निदान: शिशाची विषबाधा. आपलं निदान पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. आमच्याकडे सगळी यंत्रं होती, आपल्याकडे एक टॉर्च आणि एक घरकार्ड होतं.

त्यानं घरी जाऊन तुम्हाला सांगितलं असणार. तुम्ही मला विचारलं नाहीत, मीही विषय काढला नाही. महिन्याभरात मी सीट सोडली. श्रेयसच्या नोकरीचं निमित्त सांगितलं. त्याची नोकरी नंतर ठरली, अण्णा, आधी मी सोडलं. त्या राउंडला मला पुन्हा उभंच राहवेना. श्रेयसनं आजपर्यंत सगळ्यांचे टोमणे मुकाट्यानं ऐकले, "बायकोचं करिअर बुडवलं" म्हणून. त्याचीही माफी मागायची आहे, ती मी घरातच मागेन.

तुमचा राग सीटचा नव्हता. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं, आणि आपण दोघंही आईला सीटचं कारण सांगत राहिलो.

मला लाज वाटते. तुमची कधीच वाटली नव्हती, एक क्षण सरांची भीती वाटली, आणि त्या एका क्षणात मी तुम्हाला विकलं.

पुढील उपचार: आपल्याला योग्य वाटेल तो.

आपली,
डॉ. सुमेधा


हॉस्पिटलचं कँटीन
४ एप्रिल २०२५, शुक्रवार, दुपारचे पावणेपाच

अण्णा,

हे पत्र चहाच्या डागांसकट येईल, चालवून घ्या.

आधी तुमच्याकडची बातमी. आईनं सांगितलं की तुम्ही पाकीट फोडलंत. दवाखान्यात उभ्यानं वाचलंत, मग बसून पुन्हा वाचलंत. बाळूला रणजितचं घरकार्ड काढायला सांगितलंत. मग जेवायला आलात आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणालात. बस्स. महिना झाला, तुमच्याकडून एक ओळ नाही. आई म्हणते, "अगं, मीठ कमी आहे असं बोलले, म्हणजे बरे आहेत."

आता माझी बातमी. दोन्हीकडून होकार आला. दोन्हीकडून! मेडिसिनकडून सोमवारी आणि फॅमिली मेडिसिनकडून बुधवारी. एक घ्यायचं, एक सोडायचं, आणि उत्तर आज पाचच्या आत.

खरं सांगते, बुधवारपर्यंत माझं ठरलेलं होतं. मेडिसिन घ्यायचं, फिजिशियन व्हायचं आणि ती डिग्री माफी म्हणून तुमच्या पायावर ठेवायची. पाटी सरळ होईल, विट्यात तुम्ही चारचौघांत सांगाल आणि एक दिवस फोन उचलाल. डॉ. ओ'मारा खूश, आई खूश. श्रेयसला सांगितलं तर तो पोळी लाटता लाटता म्हणाला, "घे की. फक्त तू अण्णांसाठी घेतेयस की स्वतःसाठी, एवढं एकदा बघ." मला त्याचा असा राग आला! दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. खरं बोलणाऱ्या माणसाशी मी तुमच्यासारखीच वागते.

मग मला जीपीची मुलाखत आठवली. तिघं बसले होते. "फॅमिली मेडिसिनच का?" असा प्रश्न आला. उत्तर पाठ करून गेले होते, मोठमोठ्या शब्दांचं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. म्हटलं, माझे वडील घराचं कार्ड करतात आणि त्यात शेवटचा रकाना असा असा असतो. सगळं सांगितलं, ब्रायडीपासून ते मलेरियापर्यंत. मधल्या म्हाताऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग तुमच्या गावाकडे लोक औषधं ठेवतात तरी कुठे?"

"पिठाच्या डब्यात," मी म्हटलं.

तिघंही हसले, अण्णा. पण हे हसणं वेगळं होतं. त्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे बटाट्याच्या पिशवीत." आणि त्यांनी तो रकाना त्यांच्या वहीत लिहून घेतला. मी डोळ्यांनी पाहिलं. डॉ. प्रताप, विटा, यांचा रकाना डब्लिनच्या एका वहीत आहे.

आज दुपारी संगणकासमोर बसले आणि मला लख्ख कळलं. तुमच्यासाठी म्हणून मी फिजिशियन झाले, तर त्याचा अर्थ होईल की तुमचं काम कमी प्रतीचं आहे आणि त्याची भरपाई मी करते आहे. म्हणजे मी तुमच्यावर दुसऱ्यांदा हसल्यासारखं होईल. आणि या खेपेला तुमच्या तोंडावर.

मला राउंडच्या पुढे चालणारी नाही व्हायचं. मला पलंगावर बसून प्रेसमध्ये काय आहे ते विचारणारी व्हायचंय. ब्रायडीच्या वेळी माझ्या अंगात जे शिरलं होतं, ते मेडिसिनच्या पुस्तकातलं नव्हतं, ते तुमच्या दवाखान्यातलं होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी मी फॅमिली मेडिसिनला होकार कळवला. तुम्हाला आवडो न आवडो. पाटी भिंतीकडे तोंड करून राहणार असेल तर राहू दे.

बाहेर पार्किंगमध्ये जाऊन मी चक्क उडी मारली. सिक्युरिटीवाला बघत होता. कशाबद्दल ते न विचारता म्हणाला, "फेअर प्ले टू यू!" म्हणजे शाब्बास. मग वर जाऊन डॉ. ओ'माराला सांगितलं. मला वाटलं, आता फाडून खाणार. ती म्हणाली, "माझी आई त्याच डोंगराखाली एकटी राहते. कॅफ्री रिटायर व्हायला आलाय. तर लवकर शिक."

पाच वाजायला तीन मिनिटं आहेत. अजून बदलता येईल. बदलणार नाही.

सुमेधा


ओंगार
२७ जुलै २०२५

प्रति,
डॉ. प्रताप, एम.बी.बी.एस.,
फॅमिली डॉक्टर, विटा.

गुरुवारी दुपारी दारातल्या फटीतून आपलं पाकीट आत पडलं. स्वरांगीनं उचललं आणि ओरडली, "मम्मी, देअर्स अ लेटर विथ मॅड रायटिंग!" अक्षर डॉक्टरचं होतं, त्याला ती काय करणार. आत दवाखान्याच्या पॅडवरची एकच चिठ्ठी होती. ती मी इतक्या वेळा वाचली आहे की पाठ झाली आहे. तरी आमच्या रीतीप्रमाणे उत्तरात आधी मूळ चिठ्ठी उतरवते.

"प्रति, डॉ. सुमेधा, फॅमिली डॉक्टर.
रुग्ण: स्वतः. वय बहात्तर.
तक्रार: डाव्या कानाने कमी ऐकू येते. मुलीचा फोन आल्यास दोन्ही कान बंद होतात. कालावधी: सहा वर्षे.
तपासणी: डाव्या कानात मळ. उजवा कान निर्दोष.
घरातील इतर: मुलगीही हट्टी.
रणजित बरा आहे. उजव्या हाताने चहाचा कप उचलतो, भरलेला. भट्टीचे काम सोडले, आता किराणा दुकान आहे. तुझे उत्तर त्याच्या घरकार्डाला टाचणीने जोडले आहे. आमच्या दवाखान्यात आलेले हे पहिलेच उत्तर.
पाटीवरचे जुने अक्षर पुसून घेतले आहे. नवे काय लिहायचे ते पेंटर विचारतो.
कृपया पाहून योग्य ते करावे. उत्तर कळवावे."

हा पेशंट आपण पाठवलात त्याबद्दल आभार. कशाबद्दल कुणाचे इतके आभार मी आजवर मानलेले नाहीत. चिठ्ठी वाचून मी जिन्यात बसले आणि हुंदके देऊन रडले. श्रेयस लॅपटॉप टाकून धावत आला, त्याला वाटलं काहीतरी वाईट घडलं. त्याच्या हातात चिठ्ठी दिली. त्यानं वाचली आणि तोही माझ्या शेजारी जिन्यात बसला. स्वरांगी म्हणाली, "आर यू ग्रँड?" मी म्हटलं, "हो गं, ग्रँड." आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ जसाच्या तसा खरा होता.

ट्रेनिंग सुरू होऊन दोन आठवडे झाले. सुरुवातीचे महिने एका जीपीच्या दवाखान्यात आहेत. परवा सकाळी पाच घसे बघितले. पाचव्या घशाच्या मालकीणबाई दाराशी गेल्या आणि कडीवर हात ठेवून म्हणाल्या, "आणखी एक होतं डॉक्टर, छोटंसंच." तुम्ही म्हणायचात ना, खरा आजार पेशंट उठताना सांगतो. मी त्यांना परत बसवलं. वीस मिनिटं लागली, बाहेरचे लोक खोळंबले, पण आजार खरा होता आणि वेळेवर सापडला.

पाटीवर फक्त नाव लिहायला सांगा, आणि खाली "फॅमिली डॉक्टर". दोघांचं नाव एका पाटीवर मावत असेल तर तुमचं वर.

आपल्या पेशंटबद्दल: कागदपत्रं तपासली. डाव्या कानात तीन दिवस कोमट खोबरेल तेलाचे थेंब टाकावेत, काडी घालू नये, हे आपण जगाला सांगता तेव्हा स्वतःही पाळावं. उजव्या कानाची तपासणी मी स्वतः करेन. त्यासाठी रविवार, १० ऑगस्ट, आपल्या घड्याळात दुपारी साडेतीनची वेळ दिली आहे. फोन मी करेन, पेशंटनं फक्त उचलायचा. सोबत नातेवाईक म्हणून पत्नी चालेल, पण बोलायचं पेशंटनंच.

अपॉइंटमेंट चुकवू नये. आमच्याकडे पुढची तारीख लवकर मिळत नाही. मागच्या वेळी सहा वर्षं लागली.

आपली,
डॉ. सुमेधा
फॅमिली डॉक्टर, शिकाऊ